पूनमचे अकरा अर्ज

पोलादपुरात इंटरनेट मी आणलं! हे मी म्हणत नाही, माझ्या दुकानावरची पाटी म्हणायची: 'राजेंद्र सायबर कॅफे, तालुक्यात प्रथम'. साल २००३. एसटी स्टँडसमोर माझं टेलिफोन बूथ होतंच, त्यातच मागे प्लायवुडचं पार्टिशन ठोकून तीन कॉम्प्युटर बसवले. महाडला जाऊन तीन महिन्यांचा कोर्स केला आणि सर्टिफिकेट फ्रेम करून गणपतीच्या फोटोशेजारी टांगलं. माझी बायको उज्वला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "बघा हां, एखाद्या दिवशी हार त्यालाच घालाल." मी म्हटलं, "घातला तर काय बिघडलं?"

तर त्या काळी इंटरनेट म्हणजे सगळा लहरीचा कारभार. पान उघडेल तर उघडेल, नाहीतर पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी दरडावून लिहिलेलं यायचं, सोबत एक आकडा. माणसं घाबरायची. एक गुरुजी तर खुर्चीतून उठून हात वर करून उभे राहिले, "मी कशालाही हात लावलेला नाही!"

मग मी समजावून सांगायचो. लांब पुण्या-मुंबईला एक मोठा कॉम्प्युटर बसलेला असतो, त्याला सर्व्हर म्हणायचं. आपण इकडून मागायचं, त्यानं तिकडून द्यायचं. देता आलं नाही की तो आकडा फेकतो. रोज रोज सांगून तोंड दुखायला लागलं, तेव्हा पत्र्याची एक पाटी रंगवून घेतली आणि भिंतीवर ठोकली.

'४०४: घर सापडलं नाही. पत्ता नीट लिहा.
४०३: घर सापडलं, पण दारात कुत्रं बांधलंय. आत शिरू नये.
५०३: घरात पाहुणे फार. थोड्या वेळानं या.
५००: घरातल्या घरात भांडण. आपला दोष नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

काय सांगू, पाटीचं नाव झालं! महाडहून माणसं बघायला आली. एक बँकेचे साहेब मजकूर वहीत उतरवून घेऊन गेले. मी कॉलर ताठ करून फिरायचो. आज मात्र त्या पाटीतले शेवटचे तीन शब्द परत मिळाले तर मी ते पाण्याबरोबर गिळून टाकीन.

काशीराम ढेबे आमच्याकडे दूध घालायचा. वरच्या धनगरवाडीतला. वाडी म्हणजे डोंगराच्या पार माथ्यावर, बारा घरं आणि शंभरेक गुरं. रस्ता नाही, दोन तासांचा चढ. काशीराम पहाटे कॅन खांद्यावर घेऊन उतरायचा आणि जाताना वाडीची पत्रं, औषधं, मीठमिरची घेऊन चढायचा. आजारी माणसाला उतरवायचं तर बांबूला गोधडी बांधून डोली करायची. काशीरामची बायको सगुणाबाई गवत कापताना कड्यावरून घसरली, तेव्हा तिला अशीच आणली. पावसातून पाच तास लागले. जीव वाचला, पण पाय वाकडा बसला तो बसलाच.

त्या डोलीबरोबर त्यांची दहा वर्षांची पोर पूनम चालत आली होती. त्या दिवसापासून पोरीनं एकच धोशा लावला, "मी नर्स होणार. वाडीत सुई-पट्टी करणारं कुणीतरी पायजे." मावशीकडे राहून बारावी झाली, चांगल्या मार्कांनी. उज्वलाची विद्यार्थिनी. उज्वलानंच पेपरात जाहिरात बघितली. पुण्याच्या एका संस्थेत डोंगरभागातल्या मुलींसाठी नर्सिंगचं शिक्षण, राहणं-जेवण फुकट. जागा वीस. अर्ज फक्त इंटरनेटवरून.

उज्वला म्हणाली, "पूनमला घेऊन येते उद्या. नीट करा हो, तिचा सगळा जीव त्यात अडकलाय."

"अगं, माझ्या हातून कधी काही बिघडलंय?" मी म्हटलं.

तिनं फक्त चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीराम आणि पूनम आले. उज्वला शाळेत गेली होती. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. मी पूनमच्या नावानं ईमेल काढून दिला, सगळी माहिती भरली, मार्क तीनदा तपासले आणि काशीरामला म्हटलं, "काशीराम, डोळे भरून बघ. तुझी पोरगी आता पुण्याला चालली!"

बटण दाबलं. कॉम्प्युटरनं विचार केला. फार विचार केला. आणि पडद्यावर आलं: ५००.

"काय झालं काका?" पूनमनं विचारलं.

"काही नाही. पाटी वाच."

"घरातल्या घरात भांडण..."

"आपला दोष नाही. पुन्हा प्रयत्न करा!" मी म्हटलं आणि पुन्हा सगळं भरून बटण दाबलं. पुन्हा ५००.

पूनम जरा घुटमळली. "काका, जाहिरातीत फोन नंबर हाय त्यांचा. फोन करून इचारू का?"

ऐका, मंडळी! फोनचं बूथ माझं, नंबर समोर, पोरगी शहाणी. आणि मी काय बोललो असेन? "अगं, इंटरनेटच्या कामाला फोन? हसतील ते आपल्याला! शिवाय लाईन एकच आहे, फोनला नेट तोडावं लागेल. अर्ध्या तासानं जुळलंय, ते का तोडू?"

काशीरामनंही माझीच री ओढली. "राजाभाऊ बरोबर बोलतोय. आमच्याकडं निरोप एकदा धाडून भागत नाय. एक दूधवाल्यासंगं, एक कंडक्टरसंगं, एक शिंप्यासंगं. तीन तोंडांनी धाडला, तर त्यातला एक पोचतो. तुझं हे मशीन बी तसंच असंल."

काय पटलं मला ते! "पूनम, बाप शिकला नाही, पण डोकं बघ!" मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसलो. अर्ज भरला, ५००. तिसऱ्यावर बसलो. ५००.

आता मला चेव आला. तीन महिन्यांचा कोर्स काय उगाच केला? बिघाड शोधायचा म्हणजे एकेक गोष्ट बदलून बघायची, असं आम्हाला शिकवलं होतं. कदाचित नाव लांब होत असेल. पाचवा अर्ज नुसता 'पूनम ढेबे'. ५००! कदाचित जन्मतारीख. सहाव्यात महिना आधी आणि दिवस नंतर लिहिला, त्यामुळे पोरगी पाच महिन्यांनी मोठी झाली. ५००! पत्ता? सातव्यात वाडीच काढून टाकली. ५००!

"आता काय राहिलं?" मी केस उपटत विचारलं.

काशीराम पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्या दोन गोल टिकल्या कसल्या?"

"स्त्री का पुरुष ते."

"त्यात तर खोट नसंल?"

आणि मी, तालुक्यात प्रथम असलेला हा गाढव, आठव्या अर्जात पूनमला पुरुष केलं!

"काका!" पूनम ओरडली.

"अगं, नुसतं बघायला! जातोय कुठे तो अर्ज? ५०० येतंय ना?"

आलंच ५००. मग वाटलं, खोट आपल्या पोरीच्याच माहितीत असेल. दुसऱ्या कुणाच्या नावानं जातो का बघावं. तोंडपाठ माहिती घरच्याच माणसाची, म्हणून उज्वलाच्या नावानं, तिच्या शाळेचा पत्ता घालून, एक अर्ज भरला. वय वर्षे सदतीस. तोही ५००. तेव्हा माझ्या जीवात जीव आला, खोट पूनममध्ये नव्हती.

नववा आणि दहावा मी रागानं पाठवला, त्याला दुसरं कारण नाही. मग जेवून आलो आणि दोन वाजता, पूनमचं नाव-गाव-तारीख सगळं सरळ करून, अकरावा. बटण दाबलं आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: 'आपला अर्ज मिळाला. धन्यवाद.'

मी खुर्चीवरून उडालोच! "मिटलं भांडण! मिटलं एकदाचं! काशीराम, बघितलंस? माणसानं हार मानू नये!" काशीरामनं कॉम्प्युटरला हात जोडले. पूनम हसली, पण जाता जाता म्हणाली, "काका, आधीचे दहा कुठं गेले असतील?"

"हवेत!" मी म्हटलं.

तीन आठवड्यांनी भिकाजी पोस्टमन सायकल टेकवून दुकानात आला. वाडीची पत्रं तो माझ्याकडेच ठेवायचा, काशीराम उचलायचा. भिकाजीनं टेबलावर पाकिटं ठेवली. एक, दोन, तीन... अकरा! सगळी एकसारखी, लांबलचक, संस्थेच्या शिक्क्याची. सगळ्यांवर पूनमचं नाव. एकावर तर 'श्री. पूनम' असं छापलेलं.

"आमदाराला पण एवढी येत नाहीत," भिकाजी म्हणाला.

आता हे 'श्री.' वाचून शहाणा माणूस सावध झाला असता. पण मला वाटलं, बडी संस्था आहे, मानानं लिहीत असतील! इतक्यात काशीराम आला. त्याला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. त्यानं कॅन खाली ठेवला. "अकरा! राजाभाऊ, झालं का रं काम?"

माझा हात पाकिटाकडे गेला होता. तेव्हाच फोडलं असतं तर! पण मला तालेवारपणा सुचला. "मी नाही फोडणार. पोरीच्या नावाचं, पोरीनंच फोडायचं. उद्या मी स्वतः वाडीवर घेऊन येतो. तू निरोप धाड."

काशीराम त्या रात्री महाडला मुक्कामाला जाणार होता. त्यानं निरोप धाडला, आणि नेमका तीन तोंडांनी. एरवी तिघांतला एक पोचायचा, या खेपेला तिन्ही पोचले! पहिला म्हणाला, पूनमचं पुण्याला जायचं नक्की झालं. दुसरा म्हणाला, अकरा ठिकाणांहून बोलावणं आलंय. तिसरा शिंपी, त्यानं कापड जरा सैलच सोडलं. त्यानं पूनमला थेट डॉक्टर करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उज्वलाला म्हटलं, चल. ती म्हणाली, "शाळेचे पेपर तपासायचेत. आणि पाकीट न फोडता कसले हो सत्कार घेता? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!" मी ऐकलं नाही. दोन तासांचा तो चढ मी साडेतीन तासांत चढलो, चारदा बसलो, एकदा आडवा झालो. वाडीच्या तोंडावर पोचलो तर समोर अख्खी वाडी उभी! अंगण सारवलेलं. नारळ, शाल, कुंकू. सगुणाबाई वाकडा पाय ओढत पुढे आली आणि तिनं मला ओवाळलं.

"तुमच्यामुळं झालं हो, भाऊ," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"छे छे!" मी म्हटलं, म्हणजे 'हो हो'.

चंपाबाई, वाडीतली सगळ्यात म्हातारी, माझा हात धरून म्हणाली, "आता मला कुनी डोलीत घालायचं नाय. पूनम हितंच सुई देईल." मग मला चार शब्द बोलायला सांगितलं. चार! मी वीस मिनिटं बोललो. ४०४ सांगितलं, ४०३ चं कुत्रं सांगितलं, ५०० पाशी आल्यावर आवाज चढवून म्हटलं, "आणि मी अकरा वेळा पाठवला!" टाळ्या झाल्या. एक म्हैस रेकली, तिला सगळ्यांच्या आधी कळलं असावं.

पूनमनं पहिलं पाकीट फोडलं. वाचलं. दुसरं फोडलं. मग तिसरं. तिनं सगळी अकरा पाकिटं फोडली, एकेक कागद नीट घडी घालून मांडीवर ठेवला.

"काय गो, काय लिवलंय?" सगुणाबाईनं विचारलं.

"सगळ्यांत एकच लिवलंय, आये." आणि तिनं वाचून दाखवलं. "एकाच उमेदवाराचे वेगवेगळ्या माहितीचे एकापेक्षा जास्त अर्ज आल्याने नियमानुसार सर्व अर्ज रद्द करण्यात येत आहेत."

कुणालाच काही कळेना. शिंप्यानं तर पुन्हा टाळी वाजवली. मग पूनम उठली आणि घरात गेली. दार लावलं नाही, नुसती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तेव्हा कळलं सगळ्यांना.

माझ्या खांद्यावर शाल होती. ती काढावी का ठेवावी तेच समजेना. शेवटी काढली, घडी केली आणि खाटेवर ठेवली. काशीराम मला खाली सोडायला आला. अर्ध्या वाटेवर तोच म्हणाला, "माझीच चूक, राजाभाऊ. मीच बोललो, तीन तोंडांनी धाड."

अरे, शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं! मी एका दगडावर बसलो आणि रडलो. हे मी आजवर उज्वलालाही सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतोय.

घरी पोचलो तर उज्वला दारातच उभी. हातात पाकीट. ते आदल्या दिवशी शाळेच्या पत्त्यावर आलं होतं, आणि मुख्याध्यापकांनी आज पेपर तपासायला जमलेल्या सगळ्यांसमोर फोडून वाचलं होतं. 'आपले वय मर्यादेपेक्षा जास्त असल्याने आपला अर्ज नाकारण्यात येत आहे.' तिनं मला दोन शब्द ऐकवायची तयारी केली होती, पण माझं तोंड बघितलं आणि पाकीट खाली ठेवलं. "पूनमचं पण?" म्हणाली. मी मान हलवली. तिनं जेवायला वाढलं. ती रागावली असती तर घास गिळला असता.

सोमवारी पहिल्या गाडीनं मी पुण्याला गेलो. संस्थेत पियुष नावाचा एक कॉम्प्युटरवाला पोरगेलासा माणूस होता. पूनमचं नाव सांगताच तो खुर्चीतून उठला. "तुम्हीच का ते? मुलगी, मग मोठी मुलगी, मग मुलगा?" आत बघून ओरडला, "अरे, अकरावाले आले!"

मी हात जोडले. "माझी चूक आहे, तिची नाही. हवं तर लिहून देतो. अहो, ५०० येत होतं म्हणून..."

त्यानं यादी काढली. "काका, तुमचा पहिला अर्ज अकरा वाजून बारा मिनिटांनी आम्हाला मिळाला. व्यवस्थित."

"मिळाला? मग ५०० कसं आलं?"

"अर्ज नोंदला की त्या मुलीला पोच म्हणून ईमेल जायचा. तो ईमेल पाठवणारा भाग त्या सकाळी बंद होता. दुपारी दुरुस्त केला. म्हणजे अर्ज पोचत होता, पोच निघत नव्हती. सर्व्हर तिथे अडखळायचा आणि ५०० दाखवायचा." मग जरा हळू आवाजात म्हणाला, "एरर आला म्हणजे काम झालं नाही असं नसतं, काका. झालं की नाही ते आपल्याला माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक फोन केला असतात तर..."

फोन! माझ्या डोळ्यांपुढे माझंच बूथ आलं. पिवळी पाटी, लाल टेलिफोन.

"मार्कांनी ती सातवी होती," तो म्हणाला. "वीसमध्ये सातवी. पण नियम आहे, आणि जागा भरल्या. पुढच्या वर्षी येऊ द्या तिला."

पुढच्या वर्षी! काय सोपं असतं बोलायला. ते अख्खं वर्ष पूनम बापाबरोबर दुधाचे कॅन घेऊन उतरली. आमच्याकडचा रतीब तीच घालायची. मी दार उघडायचो, ती माप ओतायची, "येते काका," म्हणायची. एका शब्दानं कधी बोलली नाही. त्या पावसाळ्यात चंपाबाईला छातीचं दुखणं झालं आणि तिला डोलीतून उतरवली. डोली माझ्या दुकानासमोरून गेली, शेजारून पूनम छत्री धरून चालत होती. चंपाबाई वाचली, पण मी त्या वेळी कॉम्प्युटरच्या मागे लपलो होतो, हे सांगितलंच पाहिजे.

वर्षानं पुन्हा जाहिरात आली. पूनम आली, खुर्चीत स्वतः बसली. एकेक रकाना भरला. बटण दाबलं. आणि देवाशपथ सांगतो, पडद्यावर आलं ५००!

माझा हात आपोआप पुढे गेला. जित्याची खोड! पूनमनं माझं मनगट धरलं आणि बाजूला ठेवलं. "काका, हात खाली." मग उठून बूथमध्ये गेली. मी मुकाट्यानं नेट तोडलं. तिनं नंबर फिरवला. "मी पूनम काशीराम ढेबे. माझा अर्ज पोचला का? ... पोचला? बरं." फोन ठेवला. एवढंच! सगळं मिळून दोन मिनिटं!

ती त्या वर्षी पाचवी आली. पुण्याला जाऊन शिकली आणि आता वाडीच्या पायथ्याच्या उपकेंद्रात नर्स आहे. आठवड्यातून दोनदा पिशवी घेऊन वर चढते. हे सगळं चांगलंच झालं. पण तिचं एक वर्ष मी खाल्लं, ते कुठल्या यादीत लिहू?

गेल्या महिन्यात एकदाची ती भिंतीवरची पाटी काढायला घेतली. पत्रा गंजला होता, ओढताना हात चांगलाच कापला. उज्वला म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण! चला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या." मला घेऊन ती गेली कुठे, तर पूनमच्या उपकेंद्रात.

पूनमनं बाही वर केली, कापूस फिरवला. मी डोळे घट्ट मिटून बसलो. वाट बघतोय, वाट बघतोय. काहीच नाही.

"उठा काका. झालं."

"झालं? अगं, मला तर काही कळलंच नाही! नक्की गेलं ना आत? बघ हां, नसेल तर पुन्हा एकदा..."

पूनमनं सुई बाजूला ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्या विषयावर बोलली.

"पोचलंय, काका. तुम्हाला कळलं नाय, म्हणून अकरा वेळा देऊ का?"

बाकावर बसलेल्या बायका हसायला लागल्या, त्यात सगळ्यात मोठ्यानं आमची उज्वला. मी बाही खाली केली आणि दुसरा हात खिशात घालून ठेवला, उगाच पुढे जायला नको.